ज्याचा चेंडू, त्याचा कॅप्टन

गेल्या शुक्रवारी दुपारी चार वाजता मेल आली. आमचा प्रोजेक्ट बंद. चौदा जणांची टीम, तीन वर्षांचं काम आणि चार ओळींची मेल. गंमत अशी की त्याच दिवशी सकाळी आम्ही पाऊण तास भांडलो होतो, डेटाबेसमधल्या एका टेबलाला नाव काय द्यायचं यावरून. त्या भांडणात नुकत्याच रुजू झालेल्या मुलीलाही मत होतं. प्रोजेक्ट चालू ठेवायचा की नाही, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच कुणी विचारलं नाही. आमच्या मॅनेजरलाही नाही (त्याचा चेहरा बघूनच ते कळलं).

असो. म्हणजे आता काही दिवस 'बेंच'वर. फुटबॉलमध्येही बेंच असतोच, तेव्हा शनिवारी सकाळी चहा घेता घेता त्याच विषयात शिरलो. एका व्यावसायिक फुटबॉल संघात नक्की ठरवतं कोण? मालक, कोच, कॅप्टन, की ज्याच्या पायात त्या क्षणी चेंडू आहे तो? तसा हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो भामरागडला, वयाच्या दहाव्या वर्षी.

वडिलांची सरकारी नोकरी. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, असाच सगळ्यांचा समज. त्यात भामरागड म्हणजे अगदी टोक. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा तिथे संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की आलापल्लीकडचा रस्ता बंद आणि गावाचं बेट. मला करमावं म्हणून वडिलांनी नागपूरहून फुटबॉल आणला. आमच्या मैदानावर खरा फुटबॉल तेवढा एकच. दोन्ही बाजूंना बांबू रोवले की गोल तयार. बरोबरची बहुतेक पोरं माडिया. माझं माडिया आणि त्यांचं मराठी, दोन्ही सारखंच मोडकं, पण खेळायला तेवढं पुरायचं.

चेंडू माझा, म्हणून कॅप्टन मी. यात चर्चा करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा तर गल्लीतला कायदाच. एकदा शेजारच्या गावातल्या पोरांशी मॅच ठरली. मी वहीच्या कागदावर अकरा नावं लिहून नेली. पोरांनी कागद बघितला आणि सगळी खाली बसली, गोल करून. मोठी माणसं गोटुलात बसायची, तशीच. कुणी हात वर केले नाहीत, मतं मोजली नाहीत. एक जण 'नाही' म्हणत होता, तर बाकीचे त्याच्याशी बोलत राहिले. बोलून संपलं की गप्प बसायचे, मग पुन्हा बोलायचे. अंधार पडायला आला तेव्हा मला कळलं की मी गोलकीपर आहे आणि कॅप्टन असा कुणी नाहीच. मी चेंडू काखोटीला मारला आणि घरी आलो. मॅच झालीच नाही.

त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

आज आपल्याला वाटतं की संघ निवडणार कोचच. पण ही रीत तशी अलीकडची आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल व्यावसायिक झाला तो १८८५ साली, आणि पुढे कित्येक वर्षं बहुतेक क्लबांत अकरा खेळाडू कोण हे संचालकांची समिती ठरवायची. सेक्रेटरीकडे पत्रव्यवहार आणि हिशेब, ट्रेनरकडे मालीश आणि पळवणं. हे चित्र बदलणाऱ्यांत मोठं नाव हर्बर्ट चॅपमनचं. हडर्सफिल्डला मोठं करून तो १९२५ साली आर्सेनलला आला आणि संघाचा कारभार त्याने स्वतःच्या हातात घेतला.

पण गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये आर्सेनल न्यूकॅसलकडून ७-० असं हरलं. मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागे बचावात खेचा, हा उपाय सांगितला तो चार्ली बुकन या खेळाडूने. चॅपमनने तो ऐकला, लागू केला आणि पुढे त्यातूनच जगभर गाजलेली 'डब्ल्यू-एम' रचना उभी राहिली. म्हणजे फुटबॉलमधला तो 'सर्वाधिकारी' मॅनेजर मोठा झाला तो खेळाडूचं ऐकून. अधिकार एकाकडे, अक्कल दुसऱ्याकडून, आणि दोघांनाही त्यात कमीपणा नाही. (आपल्या किती डिझाइन मीटिंगांत हे घडतं?)

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला मात्र हे उमगायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. १९४६ ते १९६२ वॉल्टर विंटरबॉटम मॅनेजर होते, पण खेळाडू निवडायची ती समितीच. म्हणजे जबाबदारी यांची आणि निवड त्यांची. १९६३ मध्ये अल्फ रॅमसे आले ते 'निवड मीच करणार' या अटीवर. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला.

दुसरी गोष्ट बेंचची. विश्वचषकात बदली खेळाडू उतरवायची परवानगी मिळाली ती १९७० साली. त्याआधी शिट्टी वाजली की कोचच्या हातात फारसं काही उरत नसे. क्रिकेटमध्ये कॅप्टन दर चेंडूला फील्ड लावतो. फुटबॉलच्या कॅप्टनकडे नाणेफेक आणि पंचांशी बोलणं याहून फार काही ठरलेलं काम नसतं. त्यामुळे ते नव्वद मिनिटांचं राज्य खरोखर अकरा जणांचं असे. आता पाच बदल करता येतात, म्हणजे जवळजवळ निम्मा संघ. बेंच जितका लांब, तितका कोचचा हातही लांब.

आपल्याकडे काय होतं? मुंबईचा फुटबॉल म्हणजे कूपरेजचं मैदान आणि तिथे खेळणारे कंपन्यांचे, रेल्वेचे, बँकांचे, गिरण्यांचे संघ. खेळाडू पगारावर असायचा तो कर्मचारी म्हणून. नेव्हिल डिसूझा टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक केली, भारत ४-२ जिंकला आणि शेवटी चौथा आला. त्या संघाचे कोच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. एके काळचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला.

रहीमसाहेबांच्या हाती अधिकार दिल्यावर काय झालं ते १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये दिसलं. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, ०-२ असा हरलो. मग बचावपटू जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. हेडिंग करून चेंडू परतवणं ज्याचं कामच, त्याचं डोकं बांधलेलं! कुठल्याही निवड समितीने त्याला बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. जर्नेलने उपांत्य सामन्यात गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही. त्याच दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक. असा निर्णय समितीतून निघत नाही. त्याला एकच माणूस लागतो, चुकलं तर 'माझं चुकलं' म्हणणारा.

म्हणजे हुकूमशहा बरा? थांबा.

त्याच १९६२ साली मुंबईत महिंद्र कंपनीचा संघ सुरू झाला. पुढे त्याचं नाव महिंद्रा युनायटेड झालं. २००५-०६ च्या मोसमात डेरिक परेरा कोच असताना या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्रातल्या संघाने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. कोचने कोचचं काम केलं, खेळाडूंनी खेळाडूंचं. आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. गोव्याच्या डेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं होतं. तो क्लब २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्यासोबत आय-लीगमधून बाहेर पडला. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये मिटला.

प्रत्येकाची कारणं वेगळी, आणि ती खरीही असतील. पैसा मालकाचा, तोटाही मालकाचा. पण रचना बघा. कुठला खेळाडू कुठे खेळणार यावर शंभर मतं आणि संघ राहणार की नाही यावर एकच मत. इतिहासात चॅपमन, रॅमसे आणि रहीम यांनी जी सत्ता मिळवली ती अकरा जणांच्या यादीपुरती होती. चेंडू कुणाचा, हा प्रश्न त्यांच्या खोलीत आलाच नाही.

तो प्रश्न काही ठिकाणी विचारला गेला. जर्मनीत १९९८ साली क्लबांना कंपनी व्हायची मुभा मिळाली, पण मतांचा अर्ध्याहून एक जास्त वाटा सभासदांकडेच हवा, ही अट घालून. गंमत म्हणजे तिथे मुख्य अपवाद मिळाले ते आपल्या महिंद्रसारख्या कंपनी-संघांना: बायर औषध कंपनीचं लेव्हरकुसेन आणि फोक्सवॅगनचं वोल्फ्सबुर्ग. कंपनीचा संघ टिकूच शकत नाही असं काही नाही.

आणि ब्राझीलच्या कोरिंथियन्स क्लबाने तर कमाल केली. १९८२ ते १९८४, देशात लष्करी राजवट चालू, आणि या क्लबात खेळाडूंपासून मालीशवाल्यापर्यंत प्रत्येकाला एक मत. पुढाकार सॉक्रेटिस (हा डॉक्टरकीची पदवी घेतलेला), व्लादिमिर, कासाग्रांदे या खेळाडूंचा आणि आदिल्सन मोंतेइरो आल्वेस या समाजशास्त्रज्ञ संचालकाचा. सामन्याआधी खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवायची प्रथा होती, ती त्यांनी मोडली. नवा खेळाडू घ्यायचा का, यावरही मतदान. 'काय हा बाजार' म्हणणारे होतेच, पण १९८२ आणि १९८३, दोन्ही वर्षी साओ पावलो राज्याचं विजेतेपद त्यांनीच जिंकलं. राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती एप्रिल १९८४ मध्ये फेटाळली गेली. सॉक्रेटिस इटलीला गेला आणि हा प्रयोग ओसरला.

हे वाचताना मला पुन्हा आपला गडचिरोली जिल्हा आठवला. भामरागडहून बरंच उत्तरेला, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड गाव आहे. 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. आणि त्यासोबत त्यांनी एक वेगळी गोष्ट केली: अभ्यास गट. गटात बाहेरचे जाणकार येतात, माहिती मांडतात, वाद होतात. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. जाणकाराचं ऐकायचं, पण त्याच्या हाती कारभार द्यायचा नाही. चॅपमन आणि बुकनची गोष्टच, फक्त उलट्या बाजूने.

आणि मुख्य म्हणजे, त्यांनी चेंडू कुणाचा हेही विचारलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जंगल हातात नसतं, तर गावाची ती सुंदर सहमती कुठल्या विषयांवर झाली असती? बहुधा आमच्या टेबलाच्या नावासारख्या.

मला वाटतं, संघात सत्ता वाटायची म्हणजे प्रत्येक गोष्टीत सगळ्यांना मत द्यायचं असं नाही. जर्नेल सिंगला पुढे खेळवायचं का, यावर मतदान नको. ते रहीमसाहेबांनीच ठरवावं. पण ज्या निर्णयाने पंधरा घरांचा पगार थांबतो, तिथे निदान त्या पंधरा जणांना आधी समोर बसवून विचारावं. आपल्याकडे नेमकं उलटं झालंय. लहान गोष्टींत लोकशाही, मोठ्या गोष्टींत मेल.

आता भामरागडचं राहिलेलं. त्या दिवशी मी चेंडू घरी नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेलो. पोरांनी चिंध्यांचा चेंडू बांधला होता आणि खेळ सुरू होता. एका बाजूला बांबूंच्या मध्ये कुणीच उभं नव्हतं. मी थोडा वेळ काठावर रेंगाळलो. कुणी बोलावलं नाही, कुणी चिडवलंही नाही. मग जाऊन त्या बांबूंच्या मध्ये उभा राहिलो. खेळ तसाच चालू राहिला.

माझा नागपूरचा चेंडू घरी पलंगाखाली पडून होता. तिसऱ्या दिवशी तो मी मैदानावरच ठेवून आलो.