दुखणं आपलं, शिकवणारेही आपल्यातलेच

मंडळी, एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. साठी-सत्तरीतल्या माणसाला संधिवात झाला, तर स्वतःची काळजी घ्यायला त्याला शिकवायचं कोणी? आपण म्हणू, डॉक्टरांनी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग या परिचारिकेने वेगळं उत्तर दिलं. संधिवात बहुधा जन्माचा सोबती. डॉक्टर भेटणार काही मिनिटं, बाकीचे दिवस ज्याचे त्यालाच काढायचे.

लॉरिगबाईंनी वर्ग सुरू केले. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे. शिकवायला प्रशिक्षण दिलेली साधी माणसं, त्यांतल्या अनेकांना स्वतःलाच संधिवात! पुढे या वर्गांत एक रीत पक्की झाली. प्रत्येकाने आठवड्याचा बेत सांगायचा: काय करणार, किती, केव्हा, किती दिवस. आणि जमेल याची खात्री दहापैकी किती? सातपेक्षा कमी असेल, तर बेतच बदलायचा.

आता गंमत बघा. लोकांचं दुखणं कमी झालं. व्यायामामुळे असेल, असं संशोधकांना वाटलं. पण ज्याचा व्यायाम जास्त त्याला आराम जास्त, असा हिशेब काही नीट जुळेना. मग त्यांनी लोकांनाच विचारलं. बरं वाटलेल्यांचं म्हणणं साधारण असं, की हे थोडंफार आपल्या हातात आहे. त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली याच आत्मविश्वासाचा सिद्धान्त मांडला होता.

१९९३ साली चार वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेदना सरासरी २० टक्क्यांनी कमी, डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी. आणि शारीरिक अक्षमता? ती ९ टक्क्यांनी वाढली होती! हा तिसरा आकडा विसरू नका. आजार पुढे सरकतच होता, माणसं मात्र त्याच्यासोबत जगायला शिकली होती.

पुढे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ही पद्धत उचलली, तेव्हा खर्च वाचेल अशीही आशा होती. २००७ साली तिथल्या चाचणीचे निकाल आले. लोकांचा आत्मविश्वास वाढला होता, आरोग्यसेवेचा वापर मात्र लक्षणीय कमी झाला नव्हता.

मग हा प्रयोग फसला म्हणायचा का? ते आपण कशासाठी शिकवतो, यावर आहे. पैसे वाचवायचे म्हणून, की म्हाताऱ्या माणसाचे दिवस त्याच्या हाती राहावेत म्हणून? माझ्या मते, वर्ग सुरू करण्याआधीच याचं उत्तर ठरवायला हवं.