शांतारामांच्या प्रौढ कृतींतील व्यक्तिदर्शन

व्ही. शांताराम यांच्या ‘प्रभात’मधील अखेरच्या पर्वाचा विचार बहुधा सामाजिक प्रश्नांच्या अनुषंगाने केला जातो. ‘कुंकू’ (१९३७) म्हणजे जरठ-कुमारी विवाह, ‘माणूस’ (१९३९) म्हणजे वेश्येचा उद्धार आणि ‘शेजारी’ (१९४१) म्हणजे हिंदु-मुसलमान ऐक्य, असे समीकरण रूढ झाले आहे. या चित्रपटांचे टिकाऊ मूल्य मात्र व्यक्तिदर्शनात आहे.

एकाच नटाच्या दोन भूमिका ताडून पाहिल्या म्हणजे हे स्पष्ट होते. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) केशवराव दाते यांनी रंगविलेला राजगुरू हा निखळ खलपुरुष होय. तीनच वर्षांनी त्यांनी उभे केलेले ‘कुंकू’तील काकासाहेब अन्यायकर्ते खरे, परंतु स्वतःच्या अन्यायाची जाणीव त्यांना आतून पोखरीत जाते. भिंतीवरील जुने घड्याळ त्यांच्या वार्धक्याची सतत आठवण देते. पार्श्वसंगीत वर्ज्य केल्यामुळे ही आंतरिक अस्वस्थता अधिकच ऐकू येते. शांता आपटे यांच्या नीरेचा नकार अविचल राहतो. तथापि प्रेक्षकाची अनुकंपा दोघांनाही लाभते.

‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई गणपतने देऊ केलेला संसार मैना स्वीकारू शकत नाही. ‘शेजारी’तील जिवबा व मिर्झा यांचे वैर धर्मापेक्षा दुखावलेल्या स्नेहातून वाढते. प्रश्नाचे उत्तर हाती असूनही माणसे त्या उत्तरात मावत नाहीत. १९४२ मध्ये शांतारामांनी ‘प्रभात’ सोडली, त्यापूर्वीच्या त्यांच्या कलेची प्रौढता हीच होय.