पाचगणीचा पियानोवादक

थोर कलावंतांच्या चरित्रात आरंभीची वर्षे बहुधा चार ओळींत उरकली जातात. कीर्ती लाभल्यानंतरचा काळ तपशिलाने लिहिला जातो. परंतु ज्या काळात कलावंत घडला, तो उपेक्षित राहतो. जगभर गाजलेला रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या घडणीचा काळ सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गेला.

त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. घराणे पारशी, आडनावावरूनच त्याचे मूळ बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, असल्याचे कळते. वडील बोमी बलसारा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत झांझिबार बेटावर रोखपाल होते. तेथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारुखचा जन्म झाला. १९५५ साली, अवघ्या आठ वर्षांच्या या मुलाला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आले. घर समुद्रापलीकडे, सुटीतही बहुतेक वेळा मुंबईला मावशीकडे जावयाचे. ज्या वयात मुलाला आईची सोबत हवी, त्या वयात त्याला वसतिगृहाची घंटा आणि पियानो यांची सोबत मिळाली.

पाश्चात्य संगीत आपल्या देशात अनेक वाटांनी आले. बंगळुरात आजचे शिवाजीनगर ज्या लष्करी छावणीचा भाग होते, तशा छावण्यांतून ते बँडबरोबर आले. मुंबईत ते गोमंतकीय वादकांनी रुजविले. आणि पाचगणीसारख्या ठिकाणी इंग्रजी शाळांनी ते मुलांपर्यंत पोहोचविले. सेंट पीटर्समध्ये फारुख पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गाऊ लागला. एकदा ऐकलेले गाणे पियानोवर वाजवून दाखविण्याची त्याची हातोटी सोबत्यांच्या स्मरणात राहिली.

तो काळ रॉक अँड रोलच्या उदयाचा होता. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि आकाशवाणीचा ओढा अभिजात संगीताकडे होता. साहजिकच सुगम पाश्चात्य गीतांसाठी अनेक तरुण श्रोते रेडिओ सिलोनकडे वळत. १९५८ च्या सुमारास फारुख व त्याच्या चार मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद स्थापन केला. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरंग इराणी आणि व्हिक्टरी राणा हे ते मित्र. यांतील राणा पुढे नेपाळच्या सैन्यात सेनानी झाले. ही मुले लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी शाळेच्या समारंभांत सादर करीत. योगायोग असा की, क्लिफ रिचर्डचा जन्मही भारतातलाच, लखनौचा.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या वृंदाचा प्रमुख गायक फारुख नव्हता. ते स्थान ब्रूस मरेचे होते. फारुख पियानोची साथ करी. परंतु साथ करणाऱ्याला गाण्याची सगळी बांधणी ध्यानात ठेवावी लागते. आवाज कोठे चढतो, कोठे थांबतो, इतरांनी केव्हा सूर मिसळावयाचा, हे त्याला जाणावे लागते. पुढे अफाट जनसमुदायाला आपल्या आवाजावर डोलविणाऱ्या गायकाची उमेदवारी अशी दुय्यम आसनावर झाली.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. ईलिंग येथे त्याने कलाशिक्षण घेतले, लहानसहान वृंदांतून गायिला, आणि १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह ‘क्वीन’ उभी केली. त्याच वेळी त्याने मर्क्युरी हे नाव धारण केले. त्याच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या १९७५ च्या रचनेने ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थान राखले. त्या रचनेत आधार पियानोचा आहे आणि मध्यभागी अनेक आवाजांचे वृंदगान आहे.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये तो निवर्तला. तो भारतीय, आफ्रिकी की इंग्रज, हा वाद तेव्हापासून चालला आहे. त्याने स्वतः आपल्या बालपणाविषयी फारसे बोलणे टाळले. म्हणून त्याच्यावर हक्क सांगणे उचित नव्हे. मात्र, आई-वडिलांपासून दूर असलेल्या एका मुलाला पाचगणीने वाद्य दिले, सोबती दिले, आणि ऐकून घेणारी माणसे दिली. त्याच्या चरित्रात एवढी नोंद तरी तिच्या नावे व्हावयास हवी.