व्यभिचारात धरलेली स्त्री

योहानाच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग (7:53–8:11). दुसऱ्याला दोषी ठरवण्याऐवजी प्रेमाने वागवावे, या ख्रिस्ती शिकवणीसाठी सर्वाधिक सांगितला जाणारा दाखला बहुधा हाच.

यरुशलेमच्या मंदिरात येशू शिकवत असताना शास्त्री व परूशी एका स्त्रीला आणून मध्ये उभी करतात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तिला दगडमार व्हायला हवा. तुझे म्हणणे काय, असे ते विचारतात. पेच खरा येशूसाठी आहे, ती बाई निमित्तमात्र. लेवीय 20:10 दोघांनाही मृत्युदंड सांगते. पुरुष मात्र इथे कोणी आणलेला नाही. येशू वाकून बोटाने जमिनीवर लिहू लागतो. काय लिहिले, यावर पुढे पुष्कळ तर्क लढवले गेले. कथा सांगत नाही. मग ज्याच्या हातून पाप घडले नाही त्याने पहिला दगड टाकावा, असे तो म्हणतो. नियमशास्त्रानुसार (अनुवाद 17:7) पहिला हात साक्षीदाराचा असतो, त्यामुळे हे बोलणे थेट तक्रारदारांवर उलटते. वडीलधाऱ्यांपासून एकेक जण काढता पाय घेतो. येशूही तिला दंड ठरवत नाही, पण पुन्हा पाप करू नकोस असे बजावतो. ही कथा पापाला मुभा देते, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही.

तरी कथेमुळे पापाला मुभा मिळेल ही भीती जुनी आहे. 4थ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या हस्तलिखितांत हा उतारा नाही. काही ग्रीक प्रतींत तो लूकच्या 21व्या अध्यायानंतर येतो. बायका मोकाट सुटतील या धास्तीने अल्पविश्वासी लोकांनी तो गाळला, असे ऑगस्टिनला वाटे. आजचे बहुतेक अभ्यासक उलट तो मागाहून घातलेला मानतात. कथा मात्र जुनीच: 3ऱ्या शतकात सिरियात रचलेल्या ‘डिडास्कालिया’त, पश्चात्ताप करणाऱ्यांना परत घ्या असे बिशपांना सांगताना, तिचाच आधार घेतला आहे.

दोषी न ठरवता प्रेमाने वागवण्याची हीच शिकवण पंडिता रमाबाईंच्या मनावर ठसली, पण ती याच शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेतून (अध्याय 4). इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना जोगिणी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या आणि ही माया कुठून येते, असे विचारले. उत्तरादाखल त्यांना ती कथा वाचून दाखवली गेली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन काढले.