१२ जुलै १९४७, बॉइसी: एका विमानवाल्याची जबानी

मोबाईल घरीच ठेवा. जिथे निघालो आहोत तिथे तो खिशातून बाहेर आला तर चौकशी तुमचीच सुरू होईल, आणि ज्या दोघा अधिकाऱ्यांची गाठ घ्यायची आहे ते येणार आहेत दुसऱ्याच माणसासाठी. साधा शर्ट, ढगळ पँट आणि डोक्याला हॅट, एवढं पुरे.

आधी अठरा दिवस मागे उतरू. तारीख २४ जून १९४७, मंगळवार, दुपारचे तीन वाजत आलेत. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यावर, ९,२०० फुटांवर, एका इंजिनाच्या छोट्या कॉलएअर विमानात तुम्ही पायलटच्या उजव्या हाताला अंग चोरून बसला आहात. समोर डावीकडे रेनियर पर्वत बर्फाने पांढराशुभ्र. हवा इतकी स्वच्छ की अंतराचा अंदाजच चुकावा. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

पायलट केनेथ आर्नल्ड, वय ३२, राहणार बॉइसी, आयडाहो राज्य. धंदा आग विझवण्याची उपकरणं विकण्याचा. गिऱ्हाइकं लांबलांबच्या गावांत, म्हणून हा विमानानेच फिरतीवर असतो आणि धावपट्टी नसेल तिथे गुराढोरांच्या कुरणातही उतरतो. आज चेहॅलिसहून याकिमाला जायचं होतं, पण वाट वाकडी केली आहे. गेल्या डिसेंबरात याच डोंगरांत मरीन दलाचं एक मालवाहू विमान ३२ जणांसह हरवलं. शोधून देणाऱ्याला ५,००० डॉलरचं बक्षीस आहे. तासभर बर्फ धुंडाळून हाती काही लागलं नाही, म्हणून आता नाक याकिमाकडे वळवलंय.

एवढ्यात विमानावर लख्ख उजेड पडतो. आर्नल्ड दचकतो. कुठल्या तरी विमानाला आपण घासून जातोय असं त्याला वाटतं. मान फिरवून बघतो, तर मागे डावीकडे एक डीसी-४ प्रवासी विमान, तेही बरंच लांब. पुन्हा चमक, या वेळी उत्तरेकडून. त्याला नऊ वस्तू दिसतात. साखळीसारख्या एकामागोमाग, उत्तरेकडून दक्षिणेकडे, डोंगरमाथ्यांना लगटून चाललेल्या. मध्येच एखादी कलते आणि ऊन परतवते. शेपटी एकीलाही दिसत नाही.

तुम्ही बघायला पुढे वाकता आणि आर्नल्डचं डोकं आड येतं. नीट दिसावं म्हणून त्याने विमान आडवं घातलंय, आपल्या बाजूची खिडकी उघडलीय, म्हणजे काचेतलं प्रतिबिंब तर नाही ना हे कळावं. तुमच्या वाट्याला त्याचा कान, मान आणि खिडकीतून येणारा वारा. तक्रार करू नका. त्या नऊ वस्तूंबद्दल जगात ज्याने ज्याने मत दिलंय, त्यातले बहुतेक सगळे तुमच्याच जागेवर बसले होते.

त्याचे हात मात्र दिसतात, तेच बघा. इंजिनाचं झाकण सोडवायचं एक हत्यार उचलून तो डोळ्यासमोर धरतो आणि त्याच्या मापाने त्या वस्तूंचा आकार ताडून पाहतो. नजर पॅनेलवरच्या घड्याळाकडे जाते. पहिली वस्तू रेनियरच्या दक्षिण कडेवरून गेली तेव्हा तीनला एक मिनिट कमी होतं. शेवटची अ‍ॅडम्स पर्वताचा माथा ओलांडते तेव्हा १ मिनिट ४२ सेकंद झालेले असतात. आयुष्यात पहिल्यांदाच असलं काही पाहणाऱ्या माणसाला घड्याळ बघायचं सुचावं, ही गोष्ट मला त्या नऊ वस्तूंपेक्षा जास्त विलक्षण वाटते.

याकिमाला उतरल्यावर तो ओळखीच्यांना सांगतो, नकाशा पसरतो. दोन पर्वतांमधलं अंतर ४७ मैल. भागाकार केला की येतात ताशी साडेसोळाशे मैलांच्या वर, म्हणजे २,६०० किलोमीटरहून जास्त. पाचच दिवसांपूर्वी कर्नल अल्बर्ट बॉइड यांनी कॅलिफोर्नियात जेट विमान ताशी ६२३ मैलांवर नेऊन जागतिक विक्रम केलाय. सपाट उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडायला चक येगरला अजून ऑक्टोबर उजाडायचाय. आर्नल्डलाही आपलाच आकडा पचत नाही. हातचं राखून तो १,२०० मैल धरतो. तरी तो विक्रमाच्या जवळजवळ दुप्पट.

दुसऱ्या दिवशी ऑरेगन राज्यातल्या पेंडलटनला, 'ईस्ट ऑरेगोनियन' या वर्तमानपत्राच्या कचेरीत, तुम्ही दाराशी उभे राहा. आर्नल्ड तिथे आलाय तो प्रसिद्धीसाठी नाही. या वस्तू रशियाच्या असतील तर सरकारला कळायला हवं, आपल्याच लष्कराच्या असतील तर कोणी तरी तसं सांगावं, एवढीच त्याची अपेक्षा. वस्तू कशा चालत होत्या हे सांगताना तो म्हणतो, पाण्यावर बशी फेकली की टप्पे घेत जाते तशा. बातमी असोसिएटेड प्रेसच्या तारेवर चढते आणि चालीची उपमा आकाराला चिकटते. चारदोन दिवसांत सारा देश 'उडत्या बशा' शोधायला लागतो, आणि त्या दिसायलाही लागतात.

आता १२ जुलैला, बॉइसीला चला. मधल्या काळात काय झालंय ते थोडक्यात ऐका. देशभरातून अशा वस्तू दिसल्याच्या बातम्या येत आहेत. ८ जुलैला न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलच्या लष्करी तळाने 'तबकडी हाती लागली' असं जाहीर केलं आणि काही तासांत ते हवामानाच्या फुग्यावर नेलं. दिल्ली-मुंबईत याच आठवड्यात लोक १५ ऑगस्टचे दिवस मोजत आहेत. तबकडीकडे बघायला तिथे कोणाला फुरसत असणार? अमेरिकेच्या हवाई दलाला मात्र आहे, कारण त्याची झोप उडाली आहे. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. हरलेल्या जर्मनीतले विमानतज्ज्ञ काही अमेरिकेने उचलले, काही रशियाने. रशियनांनी त्यांच्याकडून बिनशेपटीचं काही बनवून तर घेतलं नाही? परग्रहवासीयांची काळजी त्या वेळी कोणालाही नाही.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हॅमिल्टन फील्डहून दोघे जण आलेत: कॅप्टन विल्यम डेव्हिडसन आणि लेफ्टनंट फ्रँक ब्राउन, चौथ्या हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागाचे. अंधारी खोली, डोळ्यांवर दिवा असलं काही मनात असेल तर सोडून द्या. बोलणं सभ्यपणे चाललंय, आर्नल्डची बायकोही भेटते. तुम्ही कोपऱ्यातलं टेबल धरा आणि कान तिकडे ठेवा.

आर्नल्ड आधी रागावलेला आहे. आपण इतकं मोठं काही सांगितलं आणि लष्कर किंवा एफबीआयचं कोणी फिरकलं नाही, याचं त्याला नवल वाटतं. शेवटी त्यानेच सविस्तर निवेदन लिहून ओहायोतल्या राइट फील्डला पाठवलं, सोबत स्वतःच्या हाताने काढलेली आकृती. त्या आकृतीत वर्तुळ नाही. बुटाच्या टाचेसारखा आकार आहे, पुढून गोल, मागे निमुळता होत गेलेला. वर्तमानपत्रं बघून रचलेली थाप असती तर त्याने गोलच काढली असती.

शिवाय धंदा बुडालाय. जिथे विमान उतरवावं तिथे घोळका वाट बघत असतो, उपकरणं कोणी विचारत नाही. वर्तमानपत्रांनी त्याची अशी टर उडवली आहे की बहुतेक देशाच्या लेखी तो खुळा ठरलाय. यापुढे दहा मजली इमारत जरी उडताना दिसली तरी तोंडातून चकार शब्द काढणार नाही, असं तो ब्राउनला सांगतो. ब्राउन ते वाक्य लिहून घेतो.

ही चौकशी जवळून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. या दोघांच्या हाती तपासायला आहे काय? फोटो नाही, जमिनीवर पडलेला तुकडा नाही, वितळणारा बर्फ कसली खूण ठेवत नाही. उरतो तो माणूस. मग ते माणूसच तपासतात: बोलणं सुसंगत आहे का, गोष्ट फुगवून सांगतो का, यातून त्याला मिळालं काय आणि गमावलं काय. आकाशाची चौकशी करायला आलेले अधिकारी एका विक्रेत्याचा स्वभाव तोलत बसलेत. आपल्याकडे तलाठ्याच्या पंचनाम्यात निदान पडलेलं झाड तरी समोर असतं!

बोलणी अर्धवट टाकून सगळे बॉइसीच्या विमानतळावर निघतात, तुम्हीही मागोमाग चला. युनायटेड एअरलाइन्सचे कॅप्टन ई. जे. स्मिथ तिथे उतरणार आहेत. ४ जुलैच्या रात्री याच विमानतळावरून उडण्याआधी त्यांनी तबकड्यांची थट्टा केली होती, आणि उड्डाणानंतर काही मिनिटांतच त्यांना आणि सहवैमानिकाला पुढे आधी पाच आणि मग चार वस्तू दिसल्या. प्रवासी विमानाचा कॅप्टन असा साक्षीदार मिळाला की लष्करी माणसाचा चेहरा बदलतो, हे बघून ठेवा. आर्नल्डपेक्षा स्मिथचं ऐकताना ते अधिक सैलावलेले दिसले तर नवल मानू नका.

परतल्यावर ब्राउन अहवाल लिहितो. त्याचं वैयक्तिक मत असं: आर्नल्डने जे पाहिलं म्हणून सांगितलं, ते त्याने खरोखर पाहिलं. न पाहता इतकं तपशीलवार निवेदन तो लिहू शकत असेल, तर त्याचा धंदा चुकलाय, त्याने बक रॉजर्सच्या अंतराळकथा लिहायला हव्या होत्या. सरकारी कागदात इतकी मोकळी भाषा क्वचित भेटते. पण त्या मताची हद्द कुठे संपते तेही बघा. वस्तू काय होत्या यावर ब्राउन काही म्हणत नाही. माणूस खोटं बोलत नाही, एवढंच तो म्हणतो. पुढे तबकडीभक्तांनी हे मत पुरावा म्हणून मिरवलं आणि टिंगलखोरांनी ते वाचलंच नाही.

या दोघांशी तुमची शेवटची भेट ३१ जुलैची, टॅकोमा शहरातल्या एका हॉटेलात. मोरी बेटाजवळ तबकडीतून धातूचा कचरा पडल्याचा दावा दोघा स्थानिकांनी केला होता. शिकागोतल्या एका मासिकाच्या संपादकाने पैसे देऊन आर्नल्डला तपासाला धाडलं, आणि गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची आहे असं वाटून आर्नल्डने ब्राउनला फोन केला. म्हणजे ज्याची चौकशी झाली त्यानेच चौकशी करणाऱ्यांना बोलावून घेतलं! दोघे आले, ऐकून घेतलं, उत्साह आवरला. थाप असल्याचा वास त्यांना आलेला दिसतो. पुढे ती थापच ठरली. तरी तुकड्यांची पेटी सोबत घेऊन ते मध्यरात्रीनंतर बी-२५ विमानाने परत निघाले. १ ऑगस्टच्या पहाटे केल्सो गावाजवळ डाव्या इंजिनाला आग लागली. विमानातले आणखी दोघे छत्रीने उतरून वाचले. ब्राउन आणि डेव्हिडसन गेले. घातपाताच्या कहाण्या अजूनही रंगवल्या जातात. माझ्या मते एका भुरट्या थापेपायी दोन प्रामाणिक माणसं रात्रीच्या विमानात बसली, हेच पुरेसं वाईट आहे.

आता झरझर पुढे चला. सप्टेंबरात हवाई दल लष्करापासून वेगळं होतं. मग 'साइन', 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक' अशी एकामागून एक चौकशी पथकं येतात. त्यांचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक आर्नल्डचं निवेदन घेऊन गणित मांडतात. वस्तू वीस-पंचवीस मैलांवर आणि पन्नासेक फूट लांब असतील, तर इतक्या लांबून त्यांची जाडी डोळ्याला कळणारच नाही. आणि जाडी कळली असेल तर त्या बऱ्याच जवळ असणार. अंतर घटलं की वेगही घटतो, साध्या विमानाच्या टप्प्यात येतो. स्वच्छ हवेची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं ती याचसाठी. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. आर्नल्डने सेकंद अचूक मोजले, घड्याळ खरं होतं. अंतर मात्र त्याने नजरेने ठरवलं, आणि सगळा वेग त्या अंतरावर टांगलेला होता.

पण ब्लू बुकने फाइल बंद केली ती या तर्कावर नाही. शेरा मारला 'मृगजळ'. खिडकी उघडून पाहणाऱ्या, घड्याळ लावणाऱ्या माणसाच्या जबानीवर हा शेरा मला आळशी वाटतो. नंतर कोणी उल्का सुचवल्या, कोणी पांढरे पेलिकन पक्षी. पेलिकनवाल्यांनी निदान चालीचा विचार केला, कलणं आणि चमकणं तरी हिशेबात घेतलं.

१९६९ मध्ये ब्लू बुक गुंडाळलं गेलं तेव्हा त्याच्या दप्तरी १२,६१८ नोंदी होत्या, त्यातल्या ७०१ उलगडल्या नव्हत्या. आर्नल्डची नोंद त्या ७०१ मध्ये धरलेली नाही. मृगजळाचा शेरा होता ना! तो स्वतः १९८४ मध्ये वारला, आपण पाहिलं ते पाहिलं असं अखेरपर्यंत सांगत. ही सगळी कागदपत्रं आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही वाचता येतात. कधी उघडलीत तर शेऱ्यावर थांबू नका, आधी ब्राउनचा अहवाल वाचा. ते मत साक्षीदाराला समोर बसून ऐकल्यावर लिहिलेलं आहे.