भातखाचरांचे शहर आणि वाढीव मोलाचा हिशेब

या मालेत इतिहासावर बोलणारे पुष्कळ विद्वान येऊन गेले. त्यांच्या पंक्तीला बसण्याची आमची योग्यता नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांच्या गेटसभांत आणि युनियनच्या कचेरीत, तिथल्या कपाटातली कायद्याची पुस्तके रात्री बसून वाचताना झाले. तेव्हा ज्या जमिनीवर आमची निम्मी हयात गेली तिचाच इतिहास सांगावा, हे बरे. विषय तसा लहान आहे. शेतजमिनीवर सरकारी नकाशात एक रेघ ओढली जाते, रेघेच्या आत उद्या शहर होणार असे ठरते, आणि त्या दिवसापासून त्या जमिनीचे मोल वाढू लागते. वस्तुतः माती तीच असते, पाऊस तोच असतो. मग हे वाढलेले मोल कोणाचे?

आज जिला आपण नवी मुंबई म्हणतो ती जमीन मुळात निसर्गाने दिलेली शेतजमीन नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ठाण्याच्या खाडीपासून पनवेल-उरणपर्यंतचा किनारा म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खार. माणसांनी मातीचे बांध घालून समुद्र मागे लोटला, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ वर्षानुवर्षे धुऊन काढले आणि मग तिथे भात पिकू लागले. बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला तिच्यातून आतले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला ती बंद करायची. बांध फुटला तर एकट्याचे शेत जात नसे, साऱ्या गावाचे जाई. म्हणून तो बांधायला सारे गाव जात असे. शेताला लागून मिठागरे होती आणि मिठागरांपलीकडे खाडीतली मासेमारी. एकाच घरातला एक भाऊ पावसाळ्यात लावणीला जाई, उन्हाळ्यात मिठागरावर राबे, आणि मधल्या दिवसांत जाळे घेऊन खाडीत उतरे. आगरी, कोळी, कराडी या समाजांची ही वस्ती. अशा घराची कमाई किती, हे नुसत्या सातबाऱ्यावरून कधीच कळले नसते. पुढे सारा घोटाळा झाला तो इथेच.

जमीन राबणाऱ्याच्या नावावर होती, असे मात्र नाही. बांध घालण्यासाठी पैसा पुरवणारे सावकार आणि खोत मालक झाले होते, आणि खपणारा कूळ होता. खाली अलिबागकडे चरी गावी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमीन कसायचेच नाकारले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नारायण नागू पाटील त्या संपाचे पुढारी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांस पाठिंबा होता. आम्ही संपवाले लोक. सहा वर्षांचा संप म्हटला की आमची छाती दडपते. कारखान्यात सहा आठवडे गेले की घराघरांतली भांडी विकायला निघतात. चरीच्या लोकांनी जंगलातली लाकडे विकून आणि मोलमजुरी करून दिवस काढले. अशा लढ्यांतूनच पुढे १९४८ चा कुळकायदा आला, आणि त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. किंमत हप्त्यांनी भरायची होती. ती भरता भरता सातबाऱ्यावर नाव चढले, कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा.

याच सुमारास खाडीच्या अलीकडे दुसराच विचार सुरू झाला होता. मुंबई बेटाला तीन बाजूंनी पाणी आणि वाढायला एक उत्तर दिशा, गर्दी मावेना. १९५८ साली नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या समितीने खाडीवर पूल बांधून पलीकडच्या मुख्य भूमीवर वस्ती करावी अशी सूचना केली. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात पलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही विकासाची दिशा तिकडेच दाखवली. १९६६ साली राज्याचा प्रादेशिक व नगररचना कायदा झाला, आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ८६ गावांची जमीन संपादनासाठी अधिसूचित झाली होती. १९७३ साली उरणची आणखी नऊ गावे तिच्यात आली. एकूण ९५ गावे, ३४४ चौरस किलोमीटर. वीस लाख लोकांचे शहर योजले होते.

आता तारखा जुळवून पाहा. १९५७ मध्ये कूळ मालक झाले. १९७० मध्ये अधिसूचना निघाली. मध्ये तेरा वर्षे. काही घरांत जमिनीचे हप्तेही अजून फिटलेले नव्हते.

शहर योजणाऱ्यांची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास होणार नाही, गेटसभेतले भाषण होईल. त्यांचे म्हणणे असे की, पूल आणि रस्ते जनतेच्या पैशाने होणार, त्यामुळे जमिनीचे भाव चढणार, आणि तो चढलेला भाव आधीच जमिनी घेऊन ठेवणाऱ्या दलालांच्या खिशात जाता कामा नये. सारी जमीन सरकारने शेतीच्या भावाने घ्यावी, विकसित करून विकावी आणि त्या पैशातून शहर बांधावे. इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड याने १८९८ सालच्या पुस्तकात उद्याननगरांची हीच अर्थरचना मांडली होती. जमीन शेतीच्या दराने घ्यायची आणि शहरामुळे वाढलेले मोल शहरालाच मिळू द्यायचे. विचार वाईट नव्हता. आम्हांस तर तो आजही पटतो, कारण वाढीव मोल एकट्या मालकाच्या घामाचे नसते. सिडकोजवळ आरंभी चार कोटी रुपयांचेही भांडवल नव्हते. खरे भांडवल ती जमीनच होती.

पण हॉवर्डची जमीन बाजारात विकत घेतलेली होती. इथली घ्यायची होती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, आणि या कायद्याची दोन कलमे ज्याने वाचली नाहीत त्याला या भागाचा पुढचा इतिहास कळायचा नाही. कलम २३ म्हणते की, मोबदला ठरवताना पहिली अधिसूचना निघाल्या दिवशीचा बाजारभाव धरावा. म्हणजे पैसे दहा वर्षांनी हातात पडले तरी भाव १९७० चाच. आणि कलम २४ सांगते की, जमीन घेतल्यावर तिचा जो उपयोग होणार आहे त्यामुळे तिचे मोल वाढणार असेल, तर ती वाढ मोबदल्यात धरायची नाही. आम्ही हे कलम प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. वाढीव मोल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर गोऱ्या सरकारने एका वाक्यात देऊन ठेवले होते, आणि ते स्वतंत्र भारतातही चालू होते. मौज अशी की राज्याच्याच १९६६ च्या कायद्यात नगररचना योजनेची दुसरी वाट होती. तिच्यात मालकाला आखलेला भूखंड परत मिळतो आणि वाढलेल्या मोलाच्या निम्म्यापर्यंतचा वाटा सरकार घेते. निम्मे मालकाचे, निम्मे समाजाचे. ती वाट असताना इथे पूर्ण संपादनाची वाट धरली गेली.

लोक एकदम उठले नाहीत. खाडीवरचा पूल १९७३ साली खुला झाला, वाशीत इमारती उभ्या राहू लागल्या, आणि गावठाणात बसून माणसे पाहत होती की आपल्या खाचरातली जागा आता चौरस मीटरने विकली जाते. एकराने घेतलेले मीटरने विकले जाताना पाहणे, यासारखा अर्थशास्त्राचा दुसरा धडा नाही. जासईचे दि. बा. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी आणि पेशाने वकील. त्यांनी हा धडा मागणीच्या भाषेत बसवला. नुसता भाव वाढवा एवढेच न म्हणता, विकसित झालेल्या जमिनीत वाटा द्या, असे ते म्हणू लागले. कामगाराने पगारवाढीच्या जोडीला नफ्यातला हिस्सा मागावा, तसे हे होते.

जानेवारी १९८४ मध्ये न्हावा-शेवा बंदरासाठी संपादन जोराने सुरू होते. १६ तारखेला दास्तान फाट्यावर आणि १७ तारखेला पुन्हा पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच माणसे गेली. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. घरातली मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती आणि आम्हांला अंगणात पाठवत होती, एवढेच आठवते. त्याच वर्षी संसदेने भूसंपादन कायदा दुरुस्त केला आणि सक्तीच्या संपादनाबद्दल द्यावयाची जादा रक्कम शेकडा १५ वरून ३० केली. पण कलम २४ मधले ते वाक्य तसेच राहिले.

शेवटी १९९० साली बंदराच्या भागात आणि १९९४ साली साऱ्या नवी मुंबईत, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे राज्य सरकारने ठरवले. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के हाती पडतात. तरी हा फार मोठा विजय होता. गोऱ्या सरकारने नाकारलेले तत्त्व पाच जणांच्या रक्ताने मान्य झाले. पुढे विमानतळासाठी हाच वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. आता त्या विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत.

आमची गोष्ट सुरू होते ती या विजयाच्या कडेला. १९९० च्या सुमारास आम्ही एका कारखान्यात लागलो. तिथे साफसफाईच्या ठेक्यावर एक प्रौढ गृहस्थ होते. आम्ही त्यांस दादूस म्हणत असू. ते ९५ गावांपैकीच एका गावचे. साडेबारा टक्क्यांची योजना जाहीर झाली तेव्हा आम्ही आनंदाने त्यांस म्हणालो, "दादूस, आता तुमचाही भूखंड निघेल." ते म्हणाले, "माझा कुठून निघेल? मी दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायचो आणि शेठच्या मिठागरावर मीठ ओढायचो. माझ्या नावावर घराचा उंबरा तेवढा." त्यांस नोकरीही प्रकल्पग्रस्त म्हणून लागलेली नव्हती, कारण त्या दाखल्यालाही जमीन लागते. कायम कामगार होण्यासाठी आम्ही त्यांचा दावा लावला. तो निकाली निघण्याआधी ठेकेदार बदलला.

आमच्या लक्षात आले की पन्नास वर्षांच्या या भांडणात दोनच पक्ष मोजले गेले, सरकार आणि मालक. बांध घालणारे, मीठ ओढणारे, खाडीत जाळे टाकणारे यांचे काम त्या जमिनीच्या मोलात मुरलेले होते, पण सातबाऱ्यावर कामाला रकाना नाही. आमच्या चळवळीनेही तेव्हा हे नीट पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही गेटच्या आतल्या माणसांचे पुढारी होतो.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने ही चूक बरीचशी दुरुस्त केली. ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर तीन वर्षे चालत होती असे शेतमजूर, वाटेकरी आणि कारागीर यांनाही त्याने बाधित कुटुंब मानले. पण त्याच वर्षी विमानतळाभोवतीच्या २७० गावांचे 'नैना' क्षेत्र अधिसूचित झाले आणि तिथे संपादन न करता नगररचना योजनांची वाट धरली गेली. शेतकऱ्याने साठ टक्के जमीन सोडायची आणि चाळीस टक्के भूखंडरूपाने ठेवायची. साडेबाराच्या मानाने चाळीस पुष्कळ. तरीही शेतकऱ्यांचे विरोधाचे मोर्चे निघाले, आणि त्यांची गाऱ्हाणी खरी आहेत. मजुराच्या दृष्टीने मात्र गोष्ट निराळी: संपादनच नाही, म्हणून २०१३ चा कायदा लागत नाही, म्हणजे तो पुन्हा हिशेबाबाहेर. आम्हांस हवी होती ती वाट मिळाली, आणि तिच्यातही त्याला जागा नव्हती.

मध्यंतरी अशाच एका योजनेच्या हरकती लिहून देण्यासाठी आम्ही एका गावी देवळात बसलो होतो. एक म्हातारी आली. तीस-चाळीस वर्षे त्याच शिवारात लावणी-कापणी केलेली. अर्जात गट नंबरचा रकाना होता. तिने ज्या शेतांत काम केले त्या सर्वांचे नंबर आम्ही शेजाऱ्यांना विचारून लिहिले, अकरा भरले. रकान्यात मावेनात, म्हणून मागच्या बाजूला लिहिले. तिने अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज कचेरीत दिला. पोच मिळाली आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.