दोन मोहर, दोन कुळे

गुलमोहर आणि नीलमोहर ही भावंडे नव्हेत. नावातला 'मोहर' एक, पानेही अशी की फुलांचा हंगाम नसला तर भलेभले फसतात. तरी एकाचे मूळ मादागास्करात, दुसऱ्याचे दक्षिण अमेरिकेत.

शास्त्रात नोंद आधी झाली ती नीलमोहराची. अर्जेंटिना-बोलिव्हियाकडच्या या झाडाचे वर्णन डेव्हिड डॉन याने १८२२ मध्ये केले आणि पाने लाजाळूच्या जातीची वाटली म्हणून नावही तसेच दिले. गुलमोहर १८२९ मध्ये हूकरने प्रसिद्ध केला. तो आढळला होता वेन्सेस्लास बोयरला. बोहेमियात जन्मलेला हा माणूस मॉरिशसला राहून वनस्पती गोळा करी. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर त्याने पाहिलेले झाड लावलेले होते. रानातला गुलमोहर बेटाच्या पश्चिमेकडच्या कोरड्या जंगलात फार उशिरा सापडला. तोवर बागाबागांतून तो जगभर पोचला होता. आता साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो.

कूळ ओळखायचे ते फळावरून. गुलमोहराला लांब, कठीण, काळपट शेंग धरते. बहावा, कांचन, आपटा हे त्याचे सगोत्र, शंकासूर तर अगदी जवळचा. फुलाच्या पाचही पाकळ्या सुट्या, त्यांतली एक पांढरट आणि ठिपकेदार. नीलमोहराचे फूल मात्र सलग नळीचे. त्याचे चपटे, गोलसर फळ वाळले की शिंपल्यासारखे उकलते आणि आतल्या पातळ पंखांच्या बिया वाऱ्यावर जातात. टेटूच्या बियांनाही असाच पंख असतो. टेटू, पाडळ, बूच आणि नीलमोहर एकाच कुळातले.

फूल-फळ काहीच नसेल तर फांदी पाहावी. गुलमोहराची पाने एकाआड एक येतात, नीलमोहराची समोरासमोर. बारीक पर्णिकांचे तेच दुहेरी पिसारे दोन अनोळखी घराण्यांनी दोन खंडांत आपापले घडवले, याचे मला अजून नवल वाटते.

मुंबईच्या दमट हवेपेक्षा नीलमोहराला पुणे-बेंगळुरूची हवा मानवते, आणि तिथे तो हौसेने लावला जातो. पण त्याची एक आप्त, मेडशिंगी, आपल्याच कोरड्या डोंगरांत पांढऱ्या फुलांनी बहरते. रस्त्याकडेला लावायला तिची रोपे कुणी मागत नाही, याचे वाईट वाटते.